काका, खिडकीपासून बाजूला व्हा

सुखवस्तू मराठी घरातल्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात मुदत ठेवींच्या पावत्या, आजीच्या वेळचे चांदीचे पेले आणि एक डीएसएलआर कॅमेरा एवढा ऐवज हमखास सापडतो. कॅमेरा न्यू जर्सीच्या मुलानं आणलेला असतो, नाहीतर निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात असतो आणि डब्यावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी असते: ‘कॅमेरा. रवा नाही.’ गणपतीत आणि कुणाच्या तरी मुंजीत तो बाहेर येतो. त्याच्या डोक्यावरची गोल तबकडी दुकानातून निघताना हिरव्या ‘ऑटो’वर होती, ती अजून तिथेच आहे.

तबकडीवर इतरही अक्षरं असतात. पी असतो, एम असतो. काही कंपन्यांत ए आणि एस, तर काहींत त्यांच्या जागी एव्ही आणि टीव्ही. या टीव्हीचा मालिकांशी काही संबंध नाही, शटर किती वेळ उघडं ठेवायचं त्याची ती सोय आहे, हे एका घरात समजावून सांगताना मी ऐकलंय. समजावणाऱ्याचा आवाज बराच चढला होता. एम म्हणजे मॅन्युअल. तो सोवळ्यातला प्रांत. एमवर फोटो काढणारी माणसं ऑटोवाल्यांच्या पंगतीला बसत नाहीत. सहलीत ती लांबूनही ओळखू येतात, कारण सूर्य बुडून सगळे चहाला गेले तरी यांचं अजून सूर्यास्ताचं जमवणं चाललेलं असतं.

ऑटोवाल्यांना एमची दीक्षा देणारे वर्ग पुण्यात शनिवार-रविवारी भरतात. अशाच एका वर्गाच्या मागच्या बाकावर मी बसलो होतो. समोर बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. नवाकोरा कॅमेरा गळ्यात, लेन्सची टोपी लेन्सवर. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा होता. त्यानं येण्याआधीच सगळं यूट्यूबवर पाहून ठेवलं होतं, त्यामुळे त्याला सगळ्याबद्दल शंका होत्या. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आणि खादीचा कुर्ता घातलेले सर होते. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. एक्स्पोजर शिकवणारा माणूस त्रिकोण काढल्याशिवाय राहत नाही. तीन कोपऱ्यांत ॲपर्चर, शटर, आयएसओ लिहून झालं, आणि मग जगातल्या बहुतेक पुस्तकांत असते ती बादली आली.

“समजा, ही बादली भरायची आहे,” सर म्हणाले. “नळ किती सोडलाय ते ॲपर्चर. किती वेळ सोडलाय ते शटर. बादली बरोबर काठापर्यंत भरली की एक्स्पोजर बरोबर. कमी भरली की फोटो काळा. वाहून गेली की पांढराफटक.”

हे उदाहरण चोवीस तास पाणी असणाऱ्या गावात तयार झालं असणार. बाईंनी हात वर केला.

“पाण्याला जोरच नसेल तर?”

“म्हणजे उजेड कमी. मग नळ मोठा सोडा, नाहीतर जास्त वेळ सोडा.”

“सगळा सोडला. आणि वेळ म्हणाल तर आमच्याकडे साडेसातला जातं.”

“मग आयएसओ वाढवायचा.”

“म्हणजे टँकर.”

सर खडू हातात धरून थांबले. एवढी वर्षं शिकवूनही तिसऱ्या कोपऱ्यासाठी त्यांना धड उदाहरण सापडलं नव्हतं, ते असं समोरून आलं. टँकर आला की बादली भरते, पण पाणी गढूळ असतं. आयएसओ १०० वर फोटो नितळ येतो. ६४०० वर नेला की सावल्यांमधून रंगीत कण वर येतात. त्याला नॉइज म्हणतात. फोटोला आवाज कसा, हा प्रश्न वर्गात कुणीही विचारला नाही, इतके सगळे टँकरनं खूश होते.

“पण टेक्निकली, सर,” हिंजवडीनं तोंड उघडलं, “आयएसओ वाढवल्यानं पाणी वाढत नाहीच. सेन्सरवर पडला तेवढाच उजेड. आलेला सिग्नल फक्त मोठा करून दाखवतात.”

“म्हणजे बादली पावच भरायची आणि वहीत पूर्ण लिहायची,” बँकवाले काका म्हणाले. कर्जखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजायला त्रास पडला नाही.

त्यांनी पुढे असंही विचारलं, की चाकणच्या कारखान्यांच्या फाटकावर ‘आयएसओ ९००१’ लिहिलेलं असतं तेच का हे? वर्ग हसला. हसायला नको होतं, कारण संस्था तीच. जगभरची प्रमाणं ठरवणारी ती आंतरराष्ट्रीय संघटना कारखान्याच्या कारभाराला माप लावते तसंच फिल्मच्या वेगालाही. त्याआधी अमेरिकेचं एएसए आणि जर्मनीचं डीआयएन अशी दोन वेगळी मापं होती. नंतरच्या रोलच्या खोक्यावर १००/२१ असे दोन आकडे छापलेले असायचे, त्यातला पहिला अमेरिकेचा आणि दुसरा जर्मनीचा.

खरा पेच ॲपर्चरला पडला. सरांनी फळ्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे लिहिले आणि सांगितलं, की आकडा जेवढा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान. काकांनी पेन खाली ठेवलं. जन्मभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला दोनपेक्षा सोळा लहान हे मान्य होणं शक्यच नव्हतं.

“अहो, आणे आहेत ते,” बाई म्हणाल्या. गणित शिकवत असणार. “एफ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ. तो आपला रुपया समजा. एफ २ म्हणजे रुपयाचे दोन भाग, अधेली. एफ ४ म्हणजे पावली. एफ ८ म्हणजे चवली. आणि एफ १६ म्हणजे नुसता एक आणा. आता सांगा, हातात जास्त काय पडतं?”

१९५७ साली दशमान पद्धत आली आणि आणे गेले, पण छायाचित्रणात ते तसेच चालू आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी पाहिलेल्या कुठल्याही पुस्तकात ही युक्ती नाही. हिशेब चोख आहे: ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ ला २५ मिलिमीटर उघडते, एफ १६ ला जेमतेम ३.

काकांनी पेन पुन्हा उचललं. “मग पावली आणि चवलीच्या मध्ये हे ५.६ कुठून उपटलं?”

कारण आणे मोजतात व्यास, आणि उजेड आत येतो क्षेत्रफळातून. पावलीची चवली केली की व्यास निम्मा होतो, पण उजेड पाव होतो. नुसता निम्मा उजेड हवा असेल तर आकड्याला दोनच्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे १.४ नं गुणायचं. चार गुणिले १.४, झाले ५.६. या एका पायरीला स्टॉप म्हणतात आणि दर स्टॉपला निम्मा उजेड उतरतो. २ पासून १६ पर्यंत सहा स्टॉप आहेत, तेव्हा शेवटी चौसष्टावा हिस्सा उरतो. बाईंनी हे फळ्यावर करून दाखवलं. सर त्या वेळात चहा पिऊन आले.

शटरचे आकडे त्यामानानं सरळ असायला हवे होते. एका सेकंदाचा साठावा भाग, तिसावा भाग, पंधरावा भाग. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर बहुधा अंश लिहीतच नाहीत, नुसतं ६० आणि ३०. साठ हे तीसपेक्षा कमी हे काकांनी आण्याच्या जोरावर पचवलं. मग सर म्हणाले, साठनंतर १२५.

“साठ दुणे एकशे वीस,” काका म्हणाले.

“एकशे पंचवीसच लिहितात.”

“वरचे पाच?”

“सोडून द्यायचे.”

काकांनी वहीत ‘वरचे पाच सोडून दिले’ अशी नोंद केली आणि खाली सही केली. पुढे कुणी तपासणीला आलं तर त्यांच्या अंगावर यायला नको.

आता गंमत अशी, की एफ ८ वर १/१२५, एफ ५.६ वर १/२५० आणि एफ ४ वर १/५००, तिन्हींत बादली तेवढीच भरते. उजेड सारखा, फोटो मात्र वेगळे. मंगलाष्टकांनंतर अक्षता पडतात तेव्हा १/५०० ला दाणा न् दाणा हवेत सुटा टांगलेला दिसतो आणि नवऱ्याच्या नाकावर नेम धरून मूठ मारणारा मित्र पुराव्यासकट सापडतो. १/३० ला त्याच अक्षता पावसाच्या सरीसारख्या रेघोट्या होतात आणि मित्र सुटतो. उलट बाजूनं, लेन्स जेवढी मोठी उघडाल तेवढं पुढचं-मागचं धूसर होतं. नवशिके लोक पहिल्याच महिन्यात एफ १.८ ची स्वस्त लेन्स घेतात आणि मग काहीही असो, १.८ वरच काढतात. भाचीचा एक डोळा स्पष्ट, दुसरा शंकास्पद, कान धुक्यात. अशा लेन्सनं मुंजीत घरच्या सगळ्यांचा फोटो काढला, की पुढच्या रांगेतले आजोबा तेवढे कोरीव येतात आणि मागच्या रांगेतला जावई विरघळतो. जावयाला कारण समजावून सांगता येतं; त्याच्या आईला येत नाही. मोठ्या गटाला एफ ८ लावावं ही सूचना पुस्तकात तांत्रिक कारणासाठी दिलेली असते, पण ती घर राखण्यासाठीही आहे.

शटरची दुसरी शिकार म्हणजे धबधबे. पावसाळा लागला की ताम्हिणीत तिपाया उभ्या राहतात, लेन्सवर काळ्या काचा चढतात आणि अर्धा-अर्धा सेकंद शटर उघडं ठेवून पाण्याचं दूध केलं जातं. सह्याद्रीतल्या धबधब्यांत पाणी असतं असं निव्वळ हे फोटो पाहणाऱ्याला वाटणार नाही.

छायाचित्रण सुरू झालं ते मुळी याहून मोठ्या सवडीनं. फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्सनं १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून जो फोटो घेतला, तो टिकून राहिलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्यातला फोटो. त्याला इतके तास लागले, की दरम्यान सूर्य एकीकडून दुसरीकडे गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन आलं. वास्तुशास्त्रवाल्यांनाही अशी जागा अजून कुणाला मिळवून देता आलेली नाही. पुढे १८३८ मध्ये दागेरनं पॅरिसच्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला. काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये घोडागाड्या आणि माणसं हलत राहिली, म्हणून त्यांतलं काहीच उमटलं नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका पायावर स्वस्थ उभा राहिलेला एक गृहस्थ, आणि त्याच्यापाशी वाकलेला पॉलिशवाला. लक्ष्मी रोड रिकामा दाखवायचा असेल तर आजही हाच उपाय आहे. पॉलिशवाला शोधावा लागेल एवढंच.

पणजोबांच्या फोटोतला तो करडा चेहराही असाच घडवलेला, असं म्हणतात. सुरुवातीच्या स्टुडिओत मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावत आणि तेवढा वेळ हसू धरून ठेवणं कुणाला जमत नसे. पण १८८० च्या दशकात फोटो उमटवायच्या कोरड्या काचा आल्या आणि सेकंदाच्या अंशात काम होऊ लागलं. तेव्हा तुमच्याकडचा फोटो १९२० सालचा असेल तर चिमट्याला दोष देऊ नका. ते पणजोबा स्वतःच्या हिमतीवर तसे आहेत.

आमच्या लहानपणी हा सगळा त्रिकोण दोन चित्रांत मावायचा. आग्फा क्लिक थ्री नावाचा काळा ठोकळा होता, त्याच्यावर एक सूर्य आणि एक ढग. ऊन असलं तर काटा सूर्याकडे, नसलं तर ढगाकडे. एका रोलमध्ये बारा फोटो. त्या बारांत महाबळेश्वर, ताईचा वाढदिवस आणि सत्यनारायण बसवायचे असल्यामुळे वडील माणसं बटण दाबण्याआधी जो विचार करत, तो घर घेतानाही केला नसेल. रोलच्या खोक्यात एक कागद यायचा. त्यावर लिहिलेलं असायचं त्याला इंग्रजीत सनी सिक्स्टीन म्हणतात. लख्ख ऊन असेल तर एफ १६ धरा आणि फिल्मचा जो वेग तोच शटरचा आकडा धरा. १०० ची फिल्म तर १/१२५. वरचे पंचवीस सोडून द्यायचे. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, पण कॅमेऱ्याला त्याचं काही नाही. चंद्रपूरच्या उन्हाला आणि महाबळेश्वरच्या उन्हाला एकच एफ १६. विदर्भातल्या माणसाला हे सांगून पाहा, तो कॅमेऱ्यावरचा विश्वास काढून घेईल.

इथपर्यंत सगळं गणित आहे आणि गणित बाईंना येत होतं. त्रिकोण पाठ झाला, आणे जुळले, काकांनी एम लावला. तरीही फोटो बिघडतात. का, ते मात्र त्या त्रिकोणात लिहिलेलं नाही. कॅमेऱ्यात उजेड मोजणारा जो मीटर असतो, त्याची जगाकडे पाहण्याची एक ठाम धारणा आहे: दुनियेत जे काही आहे, ते सगळं मिळून करडं आहे. अगदी नेमकं बोलायचं तर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारं करडं. पुस्तकं मीटरचं वागणं याच आकड्यानं समजावतात आणि दुकानांत त्याच रंगाचं पुठ्ठ्याचं कार्ड विकत मिळतं. एरवी ही धारणा वाईट नाही. झाडं, रस्ते, माणसं, आकाश अशी सरमिसळ असली की सरासरी करड्याच्या आसपास येते. पण समोर एकाच रंगाचं काही आलं, की मीटर तो रंग मानायलाच तयार होत नाही.

दिवे घाटात पालखी चढताना पाहा. वरून पाहिलं तर वळणावळणानं पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. तुम्हाला वाटतं, काय हा उजळ देखावा! मीटरला वाटतं, एवढा उजेड? काहीतरी घोटाळा आहे. आणि तो मुकाट्यानं एक-दीड स्टॉप कमी करतो. फोटोत सगळे वारकरी आळंदीपासून कपडे न धुतल्यासारखे मळकट दिसतात. उलट म्हैस घ्या. चौकट भरून म्हैस घेतली की मीटर म्हणतो, अरेरे, किती हा अंधार, आणि उजेड वाढवून ठेवतो. राखेत लोळून आलेली म्हैस तयार. यावर उपाय कॅमेऱ्यावरच दिलेला आहे: अधिक-उणे लिहिलेलं एक छोटं बटण. सर सांगतात, पांढऱ्याला अधिक करा, काळ्याला उणे करा. हे ऐकून प्रत्येक वर्गात कुणीतरी ठामपणे म्हणतो, की उलट पाहिजे. आधीच पांढरं आहे त्याला अजून अधिक कशाला? कारण तुम्ही पांढऱ्याशी नाही, मीटरशी बोलताय. मीटर मळवणार हे धरून आधीच धुऊन ठेवायचं.

आता काका. बँकवाले नव्हेत, तुमचे, माझे, सगळ्यांच्या घरचे. फोटोची वेळ आली की एक काका खिडकीला पाठ लावून उभे राहतात. तिथे वारं येतं. मागे दुपारचं आकाश, पुढे काका, चौकटीचा अर्धा भाग पांढरा. मीटर आकाश पाहतो, घाबरतो, सगळं खाली आणतो आणि काकांच्या जागी काकांची बाह्याकृती उरते. फोटोत खिडकीच्या गजावर बसलेला कावळा ओळखता येतो, काका येत नाहीत. “यांचं तोंड का काळं केलंस?” असं काकू विचारतात तेव्हा १८ टक्क्यांचा सिद्धांत पुढे करण्यात अर्थ नसतो. तीन मार्ग आहेत. अधिकचं बटण दोन स्टॉप सरकवा. काका येतील, आकाश जाईल. नाहीतर भर दुपारी फ्लॅश मारा. लोक हसतील, पण चेहरा मिळेल. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे, काका, खिडकीपासून बाजूला व्हा आणि उजेडाकडे तोंड करा. हा मार्ग फुकट आहे, म्हणून त्याला कुणी वर्गात शिकवण्यासारखं मानत नाही. शिवाय काका हलत नाहीत.

मोबाइलनं यात एक चमत्कार केला. पडद्यावर काकांच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की चेहरा उजळतो आणि खिडकी पांढरी होते. खिडकीवर टेकवलं की आकाश निळं आणि काका अंतर्धान. कुठल्याही आजी हे सहज करतात. आपण स्पॉट मीटरिंग करतो आहोत, ज्यासाठी सर दोन तास आणि वेगळी फी घेतात, हे त्यांना ठाऊक नसतं. हल्लीचे फोन तर बोटाचीही वाट पाहत नाहीत. एका दाबात भराभर पाच-सात फोटो घेऊन, काहींतून काका आणि काहींतून आकाश उचलून एकत्र करतात. पंचायतीत मिटवलेल्या भांडणासारखा तो फोटो असतो. कुणाची तक्रार उरत नाही आणि कुणाला मजाही येत नाही. मला विचाराल तर काळे पडलेले काका यापेक्षा खरे वाटतात.

वर्गाची शेवटची परीक्षा मुळशीच्या रस्त्याला होती. ऊन वर आलं होतं. भाताच्या खाचरात एक म्हैस डुंबून उठलेली, अंगावर ओला चिखल चकाकतोय, आणि पाठीवर गायबगळा. सरांनी ही जोडी मुद्दाम शोधली होती की काय कोण जाणे, पण एक्स्पोजरच्या वाटेवर याहून पाजी प्रश्नपत्रिका मिळणार नाही. जगातलं अत्यंत काळं आणि अत्यंत पांढरं, दोन्ही एकाच चौकटीत, आणि दोन्ही हलतात.

ऑटोनं सरासरी काढली. म्हैस अधिक, बगळा उणे, खाचर हिरवं, निकाल करडा. बगळ्याची पिसं जाऊन पाठीवर एक पांढरा कागद चिकटवल्यासारखा दिसला. काकांच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर तो बगळा काळा-पांढरा, काळा-पांढरा उघडझाप करू लागला. काका दचकले. जिथे उजेड ओसंडून गेला आणि आता काहीही शिल्लक नाही, ती जागा कॅमेरा अशी लुकलुकवून दाखवतो.

“वसूल होणार नाही?” काकांनी विचारलं.

“नाही. सेन्सर भरला की वरचं सगळं बुडीत. काळ्यातलं मात्र नंतर काढता येतं.”

“बुडीत आणि थकीत,” काका स्वतःशी म्हणाले. डिजिटलचं इतकं नेटकं वर्णन सरांनी कुर्त्याच्या खिशातल्या वहीत उतरवून घेतलं. म्हणजे बगळा सांभाळायचा. म्हैस घरी जाऊन संगणकावर उजळता येते, थोडे कण सोसून. निगेटिव्ह फिल्मच्या काळी नेमकं उलट होतं. तिथे जास्त दिलेलं खपून जायचं, कमी दिलेलं भरून निघायचं नाही, म्हणून जुने लोक म्हशीकडे बघून उजेड मोजायचे.

काकांनी पावलीची चवली केली, शटर तेच ठेवलं, पुन्हा दाबलं. आता बगळ्याच्या मानेवरची पिसं एकेक सुटी आली, चोच पिवळी आली, पायाच्या काड्या आल्या. म्हैस म्हणाल तर काळोख, त्यात एक डोळा. हिंजवडीनं डोकावून हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, उघडून दाखवला: डावीकडे डोंगर, उजव्या भिंतीला काही टेकत नाही, उत्तम. बाई म्हणाल्या, हा बगळ्याचा फोटो झाला. म्हशीचा काढा. मग म्हशीचा काढला. त्यात कातडीवरच्या सुरकुत्या, शिंगाच्या चुण्या, चिखलाचे पापुद्रे, नाकपुडीवरची माशी, सगळं होतं, आणि पाठीवर एक लुकलुकता ठिपका. यातला बरोबर कुठला, असं काकांनी विचारलं. सर म्हणाले, “कोणाचा फोटो काढायला आला होतात?” काकांना हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. बँकेत असतं तर त्यांनी लेखी मागितलं असतं.

पण ज्यांनी हे काम पोटतिडकीनं केलं त्यांनाही हा प्रश्न आधी सोडवावा लागला. १९४१ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स गाडीतून जात होता. गावाच्या दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं ऊन, वर चंद्र. गाडी थांबवून त्यानं अवजड कॅमेरा मांडला आणि ऐन वेळी मीटर सापडेना. मीटर न सापडणं हे मराठी घरातल्या चष्म्यासारखं नव्हे. ऊन जात होतं. त्यानं चंद्राचा आधार घेतला. चंद्र किती तेजस्वी असतो तो आकडा त्याला पाठ होता, दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून हिशेब करून त्यानं एक निगेटिव्ह टिपली, दुसरी टिपण्याआधी क्रुसांवरचं ऊन गेलं. तोच तो जगप्रसिद्ध ‘मूनराइज’.

चंद्राचा हा आधार आपल्याकडे कोजागिरीला घ्यायला हरकत नसते, पण घेत कुणी नाही. गच्चीवर पातेल्यात मसाला दूध उकळत असतं आणि वर रोखलेल्या दहा मोबाइलांत दहा पांढरे ठिपके उमटत असतात. कारण आकाश काळं, आणि मीटरला ते करडं करायचं असतं. त्या खटाटोपात चंद्र बुडीत खात्यात जातो. वास्तविक चंद्रावर ऊन आहे, आपल्याकडे दुपारी असतं तेच. त्याला उन्हातल्या वस्तूसारखं वागवायचं: आयएसओ १००, एफ ११, १/१२५. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे तो पांढरा नाहीच. पडलेल्या उजेडापैकी सरासरी १२ टक्केच तो परत पाठवतो, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतका. खड्ड्यांचंही साम्य आहे. इतकी शतकं कवींनी ज्याच्याशी मुखाची तुलना केली, तो हा.

बँकवाल्या काकांनी यंदाच्या कोजागिरीला हे आकडे लावले. चंद्र असा आला, की त्याच्यावरचे डाग मोजावेत. फक्त गच्ची, पातेलं, नातेवाईक, न्यू जर्सीहून आलेला मुलगा, सगळं ठार काळं. दिव्याच्या उजेडातली गच्ची आणि चंद्र यांत शेकडो पटींचं अंतर आहे आणि ते कुठल्याच बादलीत मावत नाही. काकांनी कौतुकानं पडदा पुढे केला. काकूंनी चष्मा लावून पाहिला.

“आम्ही कुठे आहोत यात?”

“तुम्ही थकीत.”

“चंद्र दर महिन्याला येतो. हा तीन वर्षांनी आलाय. याचा नीट काढा.”

काकांनी टँकर बोलावला. आयएसओ ३२००, एफ २.८, १/६०. मुलगा आला, सून आली, हातातल्या पेल्यावरची साय आली, जरा कण दिसले पण कुणी बोललं नाही. फोटो घरच्या ग्रुपवर गेला. पाचव्या मिनिटाला नागपूरच्या आत्यांचा निरोप: ‘चंद्र किती सुरेख आलाय!’ काकांनी फोटो मोठा करून पाहिला. चंद्र चौकटीच्या बाहेर होता. आत्यांना आवडला होता तो सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा.